शेजारच्यानं घ्यायचं नाव

तुम्ही त्याला नाव विचारलंत आणि सात सेकंद थांबलात. सातच. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ पळत होतं, ते त्याला दिसत होतं. सात सेकंदांत तुम्ही एका माणसाची एकतीस वर्षं निकालात काढलीत, एका पोरीची दोन वर्षं परत घेतलीत, आणि वर कागदावर लिहिलंत, ‘पर्यवेक्षकास आपल्या हाताखालील कर्मचाऱ्यांची नावेही ठाऊक नाहीत.’ हे वाक्य लिहिताना तुम्ही कुठे बसला होतात, खिडकीबाहेर काय दिसत होतं, मधेच उठून कॉफी आणलीत का, हे रुमिंटला माहीत नाही. गुरुवारी सकाळी सव्वासातला पोर्ट मोर्स्बीच्या पाणीपुरवठा मंडळाच्या गेटातून आत शिरताना त्यानं सूचनाफलकावर ते वाक्य वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. शेजारी रग्बी संघाची यादी होती. वर तुमचं ते पोस्टर, ‘माणूस हीच खरी ठेव. माणसात गुंतवा, देश घडवा.’ पाच जणं हेल्मेट घालून हसताहेत; त्यातलं एकही इथलं नाही. खालच्या कागदात लिहिलं होतं की ब्रिस्बेनच्या दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची तुमच्या मदतीतून मंडळाच्या प्रयोगशाळेला मिळालेली एकुलती एक जागा योग्य नाव न आल्यामुळे रद्द झाली आहे, त्याऐवजी बाहेरून एक सल्लागार दोन वर्षांसाठी येतील, आणि पर्यवेक्षक रुमिंट कोंट यांनी ‘आपली माणसे ओळखा’ या दोन दिवसांच्या शिबिराला हजर राहायचं आहे. गेटवरचा ओविया गालात सुपारी धरून, वडीलधाऱ्याला मारायच्या हाकेनं म्हणाला, पापा, म्हातारपणी शाळेत घालतायत म्हणे, दप्तर घ्या, मी डबा भरून देतो. ओवियाच्या मनात वाईट काही नव्हतं. रुमिंट हसलासुद्धा. आणि मग, जिना उतरताना एक पायरी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि ती नसावी, तसं त्याला झालं.

नाव ठाऊक नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या या माणसाला लॅबमधली आणि पंपहाऊसमधली चौदा माणसं खोकल्यावरून ओळखू येतात. तीन नंबरच्या पंपावरचा माणूस बायकोशी भांडून आला की झडप अर्धा फेरा जास्त आवळतो, हे त्याला ठाऊक आहे. क्लोरीनच्या खोलीतल्या पोराचा डावा कान मंद आहे म्हणून त्याला उजवीकडून हाक मारायची, हे त्यानं नव्या प्रत्येकाला सांगितलेलं आहे. आणि जिचं नाव तुम्हाला हवं होतं तिच्याबद्दल तर तो तीन रात्री मनात भाषण तयार करत होता. सहा वर्षांपूर्वी ती बाटल्या धुवायच्या कामावर आली. गढूळपणा मोजायचं यंत्र तेव्हा आठ महिने बिघडलेलं होतं, आणि तिनं जुन्या काचेच्या नळ्यांमध्ये वेगवेगळ्या गढूळपणाचं पाणी भरून, मेणानं तोंड बंद करून, खिडकीत रांगेनं लावून ठेवलं. नवा नमुना आला की त्या नळ्यांशेजारी धरायचा आणि डोळ्यांनी ताडायचं. यंत्र दुरुस्त होऊन आलं तेव्हा तिची नोंद आणि यंत्राची नोंद यांत दोन आकड्यांपलीकडे फरक पडेना. तेव्हापासून सगळं केंद्र तिला काचवाली म्हणतं. ते नाव रुमिंटनंच ठेवलं. त्याला ठेवावंच लागलं. सांगणाऱ्याला बंदी नाही, म्हणून इथं सांगून टाकू, तिचं खरं नाव केझाया हारो, खाडीकडची पोर. आणि केझाया हेच नाव मिशनच्या पाद्र्यानं पन्नास-साठ वर्षांपूर्वी हागेनच्या डोंगरात एका बाईचा बाप्तिस्मा करताना तिला दिलं होतं, आणि ती बाई रुमिंटची सासू.

सासूचं नाव घेत नाहीत. त्याच्या लोकांत जावई जिवंत सासूचं घेत नाही आणि मेलेल्या सासूचं तर त्याहून घेत नाही, आणि तेच नाव दुसऱ्या कुणाचं असलं तर त्या दुसऱ्याचंही नाही. यात अडत काही नसे. डोंगरात कुणी अडला की शेजारचा माणूस ते नाव घेतो. सांगावं लागत नाही. बोलणारा थांबतो, मान किंचित वळवतो, आणि शेजारून नाव येतं, जसं रताळी भाजताना एकानं विस्तव सारायचा आणि दुसऱ्यानं रताळं उलटायचं. रुमिंटच्या आयुष्यात हे शेजारचं माणूस म्हणजे मागदा, त्याची बायको. रुग्णालयात, जन्मनोंदीच्या कचेरीत, चर्चमध्ये, तो थांबायचा आणि त्याच्या उजव्या बाजूनं तिचा आवाज यायचा, हसू दाबलेला. माझ्या आईला घाबरतोस होय, असं ती घरी येऊन म्हणायची. मोठा मुलगा झाला तेव्हा म्हातारी शहरात राहायला आली आणि अकरा वर्षं राहिली. अकरा वर्षांत तो आणि ती एकदाही समोरासमोर बसले नाहीत. तो घरात शिरला की ती मागच्या दारानं बाहेर पडायची. तिला काही सांगायचं असलं तर ती भिंतीला सांगायची, त्याला ऐकू जाईल अशा बेतानं : कुणाचा तरी शर्ट खांद्यावर उसवलाय म्हणे. त्यानं शर्ट काढून खुर्चीवर ठेवला की दुसऱ्या दिवशी तो शिवलेला असायचा. पहाटेच्या पाळीला निघताना उंबऱ्याशी केळीच्या पानात गुंडाळलेलं भाजकं रताळं असायचं, गरम. त्यानं एकदाही तिचे आभार मानले नाहीत, मानायची सोय नव्हती. आदर म्हणजे काय हे त्याला कुठल्या शिबिरात कळलेलं नाही, त्या पानातल्या उष्णतेनं कळलंय. म्हातारी गेली. चार वर्षांनी मागदाही गेली, सोळा दिवसांच्या तापात. मुलगे एक केर्न्सला, एक गोरोकाला, दोघं ख्रिसमसला फोन करतात. क्वार्टरच्या दोन खोल्यांत तो एकटा राहतो, आणि अलीकडे त्याच्या लक्षात आलंय की घरात आपण कुठलंच नाव घेत नाही, कारण हाक मारायला कुणी नाही.

तुमचा नियम चांगल्या हेतूनं केलेला होता, हेही कबूल करू. मागल्या वर्षापर्यंत नावं कागदावर जायची, आणि कागद वर पोचेपर्यंत त्यावर कुणाचा तरी भाचा चढायचा. एका बोलीची माणसं एकमेकांना ओढून घेतात, हे या देशात कुणाला सांगायला नको. म्हणून तुम्ही ठरवलंत की यंदा कागद नाही, चिठ्ठी नाही, अर्ज नाही. पर्यवेक्षकानं एकट्यानं खोलीत बसायचं, खोलीत दुसरं माणूस नको, आणि पडद्यावरच्या तिघांना तोंडानं एक नाव सांगायचं. रुमिंटनं तो नियम वाचला तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. या खेपेला कामाचं माणूस जाईल, असं तो लॅबमध्ये बोलूनही गेला, आणि काचवालीनं मान वर न करता विचारलं, कोण कामाचं ते तुम्हीच ठरवणार ना, मग चहा आतापासून पाजू की नंतर? सगळे हसले. वयाची अट अठ्ठावीस. तिला सप्टेंबरात अठ्ठावीस पूर्ण होणार, म्हणजे हीच खेप, यापुढे नाही. तिनं ते एकदाही बोलून दाखवलं नाही. ब्रिस्बेनहून परत येऊन नदीच्या वरच्या अंगाला, खाणींच्या खाली, पाण्यात काय काय मिसळतं ते मोजायचं यंत्र इथेच चालवायचं, हे मात्र ती बोलायची. आता तो नमुना बर्फात घालून परदेशी जातो आणि उत्तर दहा आठवड्यांनी येतं. दहा आठवडे शहर तेच पाणी पितं.

खोली मंडळाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. लांब टेबल, बारा खुर्च्या, एकीवर तो. अंगात इस्त्रीचा शर्ट. पडद्यावर दोन पुरुष आणि एक बाई, तिघंही हसतमुख, तिघांच्याही मागे पांढऱ्या भिंती. त्यानं नळ्यांची गोष्ट सांगितली. मेणाची सांगितली. एका पावसाळ्यात तिनं दोन दिवस घरी न जाता दर तासाला नमुने घेतले आणि तिच्या एका फोनवर अर्ध्या शहराचं पाणी बंद करून आपण शहर वाचवलं, हेही सांगितलं. बाई लिहून घेत होती. चांगलं, म्हणाली, फारच चांगलं, आता हिचं पूर्ण नाव सांगा. रुमिंट म्हणाला, आमची काचवाली. बाईनं यादी वर-खाली केली आणि म्हणाली, असं नाव यादीत नाही, पूर्ण नाव हवं. तेव्हा तो थांबला. आणि त्यानं मान उजवीकडे वळवली. यात विचार नव्हता. शिंक येताना जसा नसतो तसा. उजवीकडे एक खुर्ची होती, निळ्या कापडाची, तिच्या हातावर कुणीतरी पेनानं ओरखडे काढलेले होते. ते ओरखडे तो बघत राहिला. तो वाट बघत होता. खरंच वाट बघत होता, अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, रिकाम्या खुर्चीकडून नाव येईल म्हणून. तीन रात्री तयारी केली, त्यात हे एकदाही मनात आलं नव्हतं, कारण नाव ही त्याच्या तयारीची गोष्टच नव्हती, ती शेजारून यायची गोष्ट होती. मग तो पडद्याकडे वळला आणि म्हणाला, लिहून दाखवू का? पहिला पुरुष म्हणाला, लिहिलेलं चालत नाही, नियम आहे. दुसऱ्यानं विचारलं, किती माणसं आहेत तुमच्या हाताखाली? चौदा. चौदा, असं तो पुरुष पुन्हा म्हणाला, आणि त्या तिघांनी एकमेकांकडे बघितलं. वेगवेगळ्या खिडक्यांत बसलेली माणसं एकमेकांकडे बघतात तेव्हा खरं तर कुठेच बघत नसतात. पण रुमिंटला ते बघणं कळलं.

आमच्यात रीत आहे, एवढे तीन शब्द का नाही बोललास, हा प्रश्न गेले दहा दिवस तो स्वतःला विचारतोय. नळाखाली डोकं धरून विचारतोय, बसमध्ये विचारतोय. अक्षरं सुटी सुटी करून सांगितली असती तरी चाललं असतं, म्हातारीला कुठे अक्षरं येत होती. हे त्याला सुचलं ते घरी जाताना, गॉर्डन्सच्या बाजारापाशी, भुईमुगाच्या जुड्या विकणाऱ्या बाया बघताना. पण त्या खोलीत रीत हा शब्द त्याच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं, आणि का ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण हे शिक्षण तुम्हीच दिलंत. त्याची एकोणीस प्रशिक्षणं झाली आहेत. एकोणीस प्रमाणपत्रं क्वार्टरमधल्या पत्र्याच्या पेटीत आहेत. वेळेचं नियोजन, नेतृत्व, पुढे नेतृत्व भाग दोन. प्रत्येकात पहिल्या दिवशी चहाच्या आधी कुणीतरी एक गोड बोलून सांगायचा की मरण, सोयरीक, भाऊबंदकी, रीतभात, सगळं गेटाबाहेर ठेवून आत या. मरणाला चार दिवस रजा मागणाऱ्याला हसायचे. सासरच्या माणसासमोर बोलत नाही म्हणणाऱ्याला पुढे उभं करून बोलायला लावायचे आणि मग टाळ्या वाजवायचे. रुमिंट शहाणा, तो पहिल्याच खेपेला शिकला. एकतीस वर्षांत त्यानं मागदाच्या मातीसाठीसुद्धा दोनच दिवस रजा घेतली. आणि त्या दिवशी टेबलावर सासू आणून बसवायची? त्याची जीभ टाळूला चिकटली ती म्हातारीच्या नावानं जेवढी, तेवढीच तुमच्या शिकवणीनं.

आणि शिकवण म्हटली की त्याला गवताची शाळा आठवते, नको असताना आठवते. देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षीची गोष्ट. गावाला मास्तर मिळाला, पण शाळा नव्हती. सगळ्या कुळांनी मिळून अकरा दिवसांत उभी केली. बायांनी डोक्याला अडकवलेल्या जाळीच्या पिशव्यांतून वेळू आणला, बाप्यांनी उंच गवत कापून छत शाकारलं, ज्यांची एकमेकांशी खुनाची वैरं होती ते दोघं एकाच तुळईची दोन टोकं धरून उभे होते, एकमेकांकडे पाठ करून. छत शाकारणाऱ्यांतल्या निम्म्यांना मुलंच नव्हती. मास्तरानं त्यांना विचारलं होतं की तुम्ही का राबता, आणि एक म्हातारा म्हणाला होता, कुणाचं तरी पोर शिकेल ना. त्यानं कुणाचं ते विचारलं नाही. नाव विचारलं नाही. माणसात गुंतवणूक म्हणजे काय याचं पोस्टर त्या गावात कुणी लावलं नव्हतं. पावसानं ते छत दर दोन वर्षांनी कुजायचं आणि दर दोन वर्षांनी गाव पुन्हा गवत कापायचं. त्या छताखालून सतरा पोरं बाहेर पडली, त्यातला एक रुमिंट, आणि तो आज तुमच्या सूचनाफलकापुढे उभा आहे आणि त्याला स्वतःच्या माणसांची नावं ठाऊक नाहीत.

साडेनवाला तो कर्मचारी विभागात गेला. लोआ गावेरा तिथली प्रमुख, इथल्याच किनाऱ्यावरची, वयानं त्याच्या मोठ्या मुलाएवढी, कानात लाल मणी. त्यानं तिच्या टेबलावरची वही ओढून त्यावर नाव लिहिलं. रोज हजेरीपटात लिहितो तसंच, वळणदार. लोआनं वाचलं, हे नाव तो तोंडानं का घेत नाही ते तिला उमगलं, आणि तिनं डोळे मिटले.

“ही होय,” ती म्हणाली. “अहो पापा, मी भिंतीपलीकडे बसले होते. मला एक आवाज द्यायचा होता.”

खोलीत दुसरं कुणी नको असा नियम होता, असं तो म्हणाला. लोआ म्हणाली, नियम होता खरा. मग ती थोडी चिडूनच बोलली, तुम्ही डोंगरवाले एरवी रस्त्यात उभे राहून अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं भांडता, आणि नेमकं बोलायच्या जागी तोंड शिवून बसता. त्यानं ऐकून घेतलं. पुढचं ती हळू बोलली. पत्र पाठवता येईल. पत्राला उत्तर यायला आठ आठवडे लागतात, आणि वर्ग तीन आठवड्यांत सुरू होणार. शिवाय सल्लागाराचं तिकीटही निघालंय, त्याला केंद्र दाखवून सगळं समजावून द्यायचं काम रुमिंटकडेच आहे. रुमिंटनं विचारलं, फोन? लोआनं टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला, क्रमांक लावून दिला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एका यंत्रानं त्याला सांगितलं की तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे, आणि पुन्हा संगीत. पंधरा मिनिटं तो उभ्यानं ते ऐकत राहिला. लोआनं खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. शेवटी तिनंच त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

सल्लागार. याआधी सहा झाले. पहिल्याला त्यानं झडपा दाखवल्या, दुसऱ्याला पावसाळ्यात नदी लाल का होते ते दाखवलं, तिसरा भला माणूस होता, रोज विचारायचा आणि रोज लिहून घ्यायचा, आणि जाताना त्या लिहिलेल्याचं एक जाड पुस्तक मंडळाला देऊन गेला. ते पुस्तक आज नव्या माणसांना वाचायला देतात. त्यात पान चाळीसवर क्लोरीनच्या खोलीत उजवीकडून हाक मारावी असंही लिहिलेलं आहे, फक्त का ते नाही. चांगली माणसं होती बहुतेक. रात्री जेवायला बोलवायची, मांस भाजायची, तुझ्याशिवाय मला काही जमलं नसतं म्हणायची, आणि जायची. शिकवण्याचं काम आपण करतो आणि शिकल्याचा कागद दुसरीकडे जातो, हे रुमिंटला कळत नव्हतं असं नाही. पण काचवालीच्या बाबतीत त्याला वाटलं होतं की एकदाच, एकदा तरी, ही गोष्ट उलटी वाहील.

दिवसभर तो लॅबकडे फिरकला नाही. पंपहाऊसमध्ये नको तिथे तेल घातलं. दुपारी डबा उघडला, रताळं होतं, बाजारातलं, गार, तसंच झाकून ठेवलं. जेवणाच्या सुट्टीत पोरं सावलीत पत्ते खेळत होती, तो आला तसे त्यांनी पत्ते खाली ठेवले, आणि कुणीतरी, त्याला सावरून घ्यावं म्हणून असेल, ओळीनं आपापली नावं सांगायला सुरुवात केली : मी अमुक, पापा, लक्षात ठेवा, मी तमुक. हसू झालं. तो हसला आणि उठला. तिथल्या पाच जणांची संपून नसलेल्यांची सुरू झाली असती तर तिच्या नावाची पाळी आली असती, आणि ते नाव दुसऱ्याच्या तोंडून सहज पडलेलं त्याला आज ऐकवलं नसतं. गाळणीच्या टाक्यांवरच्या लोखंडी पुलावर तो बराच वेळ उभा राहिला. खाली पाणी वाळूतून उतरत होतं. पाण्याकडे बघताना बरं वाटतं असं लोक म्हणतात. त्याला ते एकतीस वर्षांत कधी वाटलं नाही, त्याला पाण्यात नेहमी पाणीच दिसलं, कुठे गढूळ, कुठे नितळ.

साडेतीनला पाळी संपायच्या आधी तो लॅबमध्ये गेला. ती खिडकीपाशी होती, एक नमुना उजेडात धरून. वळली नाही. सूचनाफलक तिनं सकाळीच वाचला असणार, तो सगळ्यांच्या वाटेवर आहे. लॅबमधल्या दोघी बाटल्या आवरून बाहेर गेल्या. बसा म्हणाली, तो बसला. मग त्यानं सगळं सांगितलं, काही न वगळता. बारा खुर्च्या, पांढऱ्या भिंती, मान वळवली ते, ओरखडे, चौदा. अक्षरांचं सुचलं नाही तेही. फोनवरचं संगीतही. सांगताना त्याचा आवाज सपाट होता, पाळीचा अहवाल द्यावा तसा, आणि तिनंही ते तसंच ऐकलं, नमुन्यावर चिठ्ठी चिकटवता चिकटवता.

“नावाचं मला नका सांगू,” ती म्हणाली. “सहा वर्षं तुम्ही मला काचवाली म्हणता. ते का, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मला त्याचा राग कधी आला नाही, आजही नाही.”

तिनं चिठ्ठी अंगठ्यानं दाबून बसवली.

“मग शेवटी काय झालं? चौदा म्हणाले, त्यानंतर?”

“वेळ संपली म्हणाले.”

“आणि तुम्ही?”

रुमिंटनं हात गुडघ्यांवर ठेवले. हे त्यानं लोआला सांगितलं नव्हतं, दहा दिवसांत स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

“मी थँक्यू म्हणालो.”

तिनं बाटली खाली ठेवली. आता ती पूर्ण वळली, आणि त्यानं पहिल्यांदाच बघितलं की ती रडलेली नाही, तिचे डोळे कोरडे आहेत, नमुना बघताना असतात तसे बारीक झालेले.

“उठला नाहीत. ओरडला नाहीत. आमची पोर आहे, ती जाणार, तुम्ही थांबा, मी कुणाला तरी बोलावतो, असं म्हणाला नाहीत. पापा, तुम्हीच मला शिकवलंत की पाण्यात जे दिसलं ते लिहायचं, वर कोण बसलंय ते बघायचं नाही. त्यांनी माझी जागा उचलून नेली, तुमच्या डोळ्यांदेखत नेली, आणि तुम्ही त्यांना थँक्यू म्हणालात.”

बाहेर पाळी बदलायचा भोंगा वाजला आणि थांबला. ती दाराकडे गेली नाही. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

“मला घाई नाही,” ती म्हणाली. “आता कुठे जायचंय मला. विचार करून सांगा. पण सांगा. कशाबद्दल म्हणालात?”